काळी, पांढरी आणि वाट : सोलापूर भागातील खेड्याचे जीवन, मिरास आणि प्रवास

खेड्याच्या इतिहासाकडे पाहण्याची एक दृष्टी जवळजवळ दोन शतके आपल्या अभ्यासात रूढ आहे. चार्ल्स मेटकाफ याने १८३० मध्ये लिहिलेल्या टिपणात हिंदुस्थानातील ग्रामसंस्थांना लहान प्रजासत्ताकांची उपमा दिली. राजवटी आल्या आणि गेल्या, खेडे मात्र आपल्या जागी स्थिर राहिले, असा त्याचा अभिप्राय होता. पुढे अनेक लेखकांनी या मताचा एवढाच भाग उचलला आणि खेडे म्हणजे स्वयंपूर्ण व अचल वस्ती असा सिद्धांत रूढ झाला. परंतु धामधूम उसळली की गावकरी दूरच्या गावी आश्रयास जातात, काळ निवळला की परततात, आणि बापाला परतणे साधले नाही तर मुलगा येऊन बापाची जागा घेतो, असेही मेटकाफने त्याच टिपणात लिहिले होते. म्हणजे त्याने वर्णिलेले स्थैर्य हे न हलणाऱ्या माणसांचे नसून परत येणाऱ्या माणसांचे होते. हा दुसरा भाग दुर्लक्षित राहिला.

सोलापूर जिल्ह्यातील खेड्याचा विचार करताना हा दुर्लक्षित भागच अधिक महत्त्वाचा ठरतो. येथील पाऊस बेभरवशाचा आहे आणि मुख्य पीक रब्बी ज्वारीचे. दुर्गादेवीच्या दुष्काळापासून १९७२ च्या दुष्काळापर्यंत गाव सोडून जाणे आणि गावी परतणे हा येथील जीवनाचा क्रमच होता. अशा प्रदेशात मालमत्तेचा हक्क कशावर टिकत होता, जो गेला त्याचा हक्क कसा राहत असे, जो बाहेरून आला त्याला काय मिळत असे, आणि रस्ते व आगगाडी आल्यावर या व्यवस्थेत कोणता पालट झाला, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. काळी आणि पांढरी

जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग मानलेले दिसतात. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. वरवर पाहता हा मातीच्या रंगाचा भेद असला तरी त्यामागे हक्कांची संपूर्ण रचना उभी होती. काळीत ज्याचे थळ त्याला पांढरीत घराची जागा, चावडीवर बसण्याचा मान, देवळातील कार्यात वाटा आणि गोतसभेत शब्द. थळ म्हणजे एका मूळ कुळाच्या नावाने ओळखला जाणारा जमिनीचा भाग. ते कूळ नष्ट झाले किंवा कायमचे निघून गेले तरी थळाचे नाव बदलत नसे. तशा जमिनीला गतकुळी म्हणत. माणसे गेली तरी त्यांची नावे काळीवर राहत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जमीन कसणाऱ्यांत मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग होते. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा असे. तो जमीन गहाण टाकू शके व विकू शके, मात्र त्या व्यवहाराला पाटील, कुलकर्णी आणि गोत यांची साक्ष लागे. मिरासदार दुष्काळाने किंवा सरकारी तगाद्याने परागंदा झाला तरी त्याची मिरास बुडत नसे. त्याची जमीन दुसरा कोणी कशीत असला तरी मूळ धनी किंवा त्याचा वारस परत आल्यावर त्याचा दावा ऐकून घेतला जाई, मग मध्ये एखादी पिढी का लोटलेली असेना. असे तंटे गोतसभेपुढे चालत आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात या महजरांचे जे विवेचन केले आहे, त्यावरून तत्कालीन न्यायसभांचा कितीतरी वेळ वतन व मिरास यांच्या तंट्यांत जात होता असे दिसते.

उपऱ्याची स्थिती याहून वेगळी होती. तो बाहेरून आलेला. पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठी पाटील त्याला कौल देऊन बोलावून आणी. पहिल्या वर्षी सारा अल्प, पुढे दरसाल चढता, अशा इस्ताव्याने त्याला जमीन मिळे. साऱ्याच्या दृष्टीने कित्येकदा तो मिरासदारापेक्षा फायद्यात असे, कारण मिरासदारावर पूर्ण आकार शिवाय इतर पट्ट्या बसत. तरीही उपऱ्याला मिरासपत्राची इच्छा होई. तिचे कारण केवळ आर्थिक नाही. मिरास मिळाली म्हणजे तो गावचा झाला; न मिळाली तर वीस वर्षे राहूनही तो आलेलाच राहिला. मालमत्ता हा त्या काळी जमिनीवरील ताबा जितका होता, तितकाच गावाने माणसाला दिलेली ओळख होती.

पाटीलकी आणि कुलकर्ण ही वतनेही याच प्रकारची. पाटीलकी विभागली जाई, अर्धी विकलीही जाई. आणि तशा खरेदीखतात उत्पन्नाच्या बाबींबरोबर पोळ्याचा मान, होळीचा मान, विड्याचा मान कोणाकडे राहावयाचा याची बारकाईने नोंद होई. आजच्या वाचकाला हे क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु बैल पुढे कोणाचा, या प्रश्नावर पिढ्यानपिढ्या कज्जे चालले, कारण गावात आपण कोण आहोत हे त्यावरून ठरत असे.

२. ज्यांचा प्रवास स्वतःचा नव्हता

बलुतेदारीचे वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात विस्ताराने आलेले आहे. तेथील तपशिलाची पुनरुक्ती न करता प्रवासाच्या अंगाने एकच मुद्दा मांडावयाचा आहे. गावाच्या हद्दीतून जाणाऱ्या वाटेचे ओझे महार वतनदारांवर होते. सरकारी टपाल पुढच्या गावी पोचविणे, अंमलदाराचे सामान वाहणे, वाटसरूला वाट दाखविणे, सीमेच्या तंट्यात साक्ष देणे आणि वेशीवर जागणे ही कामे त्यांच्याकडे असत. गावाची शीव सर्वांत चांगली जाणणारा माणूस तो. परंतु पांढरीत त्याला घर नव्हते, त्याचे घर वेशीबाहेर. वतनी जमिनीचा लहानसा तुकडा आणि घरोघरचे बलुते यांच्या मोबदल्यात रात्रंदिवस राबता द्यावयाचा, असा हा व्यवहार होता.

वतन हा मान आहे अशी इतरांची समजूत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यातील बंधन उघड करून दाखविले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक त्यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले. मालमत्ता माणसाला गावाशी जोडते हे खरे; परंतु ती त्याला जखडूनही ठेवू शकते, हा विचार त्यामागे होता. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. तत्पूर्वी अनेक तरुण मुंबईच्या गोदीत, गिरण्यांत व पलटणीत गेले होते. त्यांच्या दृष्टीने गाव सोडणे ही आपत्ती नव्हती, सुटका होती. मिरासदाराचे परागंदा होणे आणि महार तरुणाचे मुंबईस जाणे ही दोन्ही स्थलांतरेच. पण दोहोंचा अर्थ परस्परविरुद्ध आहे, आणि एकाच शब्दाखाली ती मांडणे इतिहासाच्या दृष्टीने योग्य होणार नाही.

३. मोजणी, गाडी आणि आगगाडी

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी प्रथम जुन्या पद्धतीनेच सारा वसूल केला. पुढे प्रिंगल याने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के आकारणीचे गणित बसविले, ते फसले आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी गावे सोडली. सोलापूरच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये नवी मोजणी सुरू केली. तीच पद्धत पुढे आजच्या सोलापूर जिल्ह्यातील तालुक्यांतही आली. थळ जाऊन सर्व्हे नंबर आला. जमिनीची प्रत ठरवून तीस वर्षांसाठी आकार बांधला गेला. वर्षाच्या शेवटी राजीनामा देऊन जमीन सोडण्याची व कबुलायत देऊन ती घेण्याची मोकळीक मिळाली.

मिरासदार आणि उपरी यांच्यातील भेद या पद्धतीने व्यवहारतः पुसून टाकला. दोघेही सरकारच्या लेखी सारखेच खातेदार झाले. उपऱ्याच्या दृष्टीने हा मोठा लाभ होता यात शंका नाही. परंतु जुन्या मिरासीची विक्री गोताच्या संमतीशिवाय होत नसे. नव्या खात्याला तसे कोणतेच कुंपण राहिले नाही. जमीन विकण्याची मोकळीक आली ती गहाण टाकण्याची मोकळीक घेऊन आली, आणि दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा हाती असलेल्या सावकाराला गावच्या संमतीची गरज उरली नाही. १८७५ मध्ये सुपे येथे सुरू होऊन पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख दस्तऐवज व कर्जरोखे यांवर होता. तो अविचार म्हणून सोडून देण्याजोगा नाही; हक्क आता कागदात राहतो, ही गोष्ट शेतकऱ्यांना उमगली होती. १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला.

याच सुमारास वाटेचेही स्वरूप बदलले. मोजणीपूर्वीच्या गाड्या अवजड, भरीव चाकांच्या, फार तर शेतात खत टाकण्यास उपयोगी अशा होत्या. दूरचा माल बैलांच्या पाठीवरून जाई व तो व्यापार बहुतांशी वंजारी-लमाणांच्या तांड्यांच्या हाती होता. मोजणी खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड याने १८३६ च्या सुमारास टेंभुर्णी येथे हलक्या, मजबूत गाड्या तयार करण्याचा कारखाना काढला. मोजणीचा अधिकारी गाड्या कशासाठी बनवितो, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. सारा रोख भरावयाचा तर धान्य विकले पाहिजे, आणि धान्य विकावयाचे तर ते पेवातून निघून बाजारापर्यंत पोचले पाहिजे. नवी मालमत्ता आणि नवी वाट एकाच धोरणाची दोन अंगे होती.

आगगाडी १८६० मध्ये सोलापूरला पोचली. बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीकडे जाणारी अरुंद मापाची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला व १९२७ मध्ये मिरजेला जाऊन भिडली. सोलापुरात १८७७ पासून कापडाची गिरणी चालू झाली. दुष्काळात गाव सोडणाऱ्या माणसाला त्यामुळे नवी दिशा मिळाली. पूर्वी तो नदीकाठच्या किंवा निजामी मुलखातील गावी जाऊन तेथे उपरी होई. आता तो शहरात जाऊन मजूर होऊ लागला. १८७६ ते १८७८ च्या आणि पुढे १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत धान्य आगगाडीने येऊ शकले, परंतु विकत घेण्यास पैसा नसलेल्याला ते मिळाले नाही. म्हणून तलाव व रस्ते यांच्या दुष्काळी कामांवर त्याला जावे लागले. मोलमजुरीसाठीचा प्रवास येथून खेड्याच्या जीवनाचा नित्य भाग झाला.

४. वारी, बाजार आणि माहेर

केवळ आपत्तीमुळेच खेडे हलत होते असे मानणे चूक होईल. आषाढी व कार्तिकी वारी, आठवड्याचा बाजार, जनावरांची जत्रा आणि माहेर-सासर या चार कारणांनी वाटा वर्षभर वाहत्या राहत. आळंदीहून निघालेली पालखी धर्मपुरीपाशी या जिल्ह्यात येते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी या मार्गाने पंढरपुरी पोचते. देहूची पालखी इंदापूर-अकलूजवरून येते. रब्बीच्या मुलखाचे वेळापत्रक या दोन वाऱ्यांशी चांगले जुळते. आषाढीला रान नांगरून पडलेले असते आणि मुख्य पेरणी अद्याप दूर असते. कार्तिकीला पेरणी उरकलेली असते. कार्तिकीच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो आणि खिल्लार बैलांची खरेदी-विक्री होते. देवदर्शन आणि बैलाची पारख एकाच फेरीत होत असल्यामुळे वारीचा केवळ धार्मिक अंगाने विचार करणे अपुरे ठरते. इरावतीबाई कर्वे यांनी वारीत महाराष्ट्राची ओळख शोधली. शेतीच्या इतिहासाच्या अभ्यासकाने त्याच वारीत बैलांचे भाव, बियाण्याची देवघेव आणि सोयरिकींची बोलणी शोधावीत.

स्त्रियांच्या बाबतीत वाटेचा अर्थ पुन्हा वेगळा होतो. खेड्यातील पुरुष बहुधा जन्मगावी मरे. स्त्री मात्र लग्नानंतर दुसऱ्या गावी जाई. म्हणजे कायमचे स्थलांतर हे बहुसंख्य स्त्रियांच्या वाट्याला आलेले होते. जात्यावरच्या ओव्यांत माहेरची वाट वारंवार येते ती यामुळे. ग्युई प्वातव्हँ व हेमा राईरकर यांनी केलेल्या ओव्यांच्या संग्रहाने हे साधन अभ्यासकांस उपलब्ध झाले आहे. हे स्थलांतर करणाऱ्या स्त्रीला मात्र मिरासदाराप्रमाणे परत येऊन हक्क सांगण्याची मुभा नव्हती. माहेरच्या काळीवर तिचे नाव नाही, सासरच्या काळीवर नवऱ्याचे नाव.

हा भेद निसर्गनियम नव्हे, हे दुसऱ्या एका शेतकरी समाजाशी तुलना केल्यास कळून येते. पश्चिम जावातील सुंदा भाषक खेड्यांत नाते आईकडून व बापाकडून सारखेच मोजले जाते आणि भातशेतीचा वारसा मुलींनाही मिळतो. जावात स्टॅम्फर्ड रॅफल्स याने १८११ ते १८१६ या काळात इंग्रजी अंमलाखाली जमीनसाऱ्याची नवी पद्धत आणली. मद्रासकडून गेलेला कॉलिन मॅकेंझी हा आपल्या परिचयाचा संग्राहक त्या चौकशीत प्रमुख होता. तथापि सुंदा प्रदेशाचा प्रियांगन भाग सक्तीच्या कॉफी लागवडीसाठी या पद्धतीतून बहुतांशी वगळला गेला. तेथे सरकारने कॉफी मागितली, येथे रोख रुपया मागितला. दोन्हीकडे शेतकऱ्याला बाजाराच्या वाटेवर आणले ते राज्यकर्त्यांच्या मागणीने. परंतु मुलीला जमीन मिळावी की नाही हे त्या त्या समाजाच्या रूढीने ठरविले.

५. सातबारा आणि नवे उपरी

स्वातंत्र्यानंतर कायद्यांची मालिकाच झाली. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा, १९४८ चा कुळकायदा व त्यातील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ रोजी कुळांना मिळालेला मालकीचा हक्क, कुलकर्णी वतनांची १९५० च्या कायद्याने समाप्ती आणि १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीचा अंत, यांमुळे जुन्या गावगाड्याचा कायदेशीर पाया उरला नाही. त्याच्या जागी सातबाऱ्याचा उतारा आला. हॅरॉल्ड मान याने पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा एकर आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर असल्याचे दाखविले होते. वाटण्यांचा हा ओघ तुकडेबंदीने थांबला नाही. कागदावर एक गट राहिला आणि बांधावर चार भाऊ राहिले.

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. खालच्या भागात पाणी आले, ऊस आला, साखर कारखान्यांची संख्या वाढली. वरच्या भागात गावेच्या गावे जलाशयाखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. मेटकाफच्या गावकऱ्याला परत येण्यासाठी पांढरी शिल्लक होती. येथे तीच गेली. विस्थापितांना पर्यायी जमीन मिळाली तरी नव्या गावात त्यांच्याकडे आलेले म्हणून पाहिले गेले असणार, हे उपरी शब्दाचा इतिहास जाणणाऱ्यास सांगावयास नको. दरवर्षी हंगामात कोयते घेऊन येणाऱ्या आणि फडाजवळ पालांत राहणाऱ्या ऊसतोड कामगारांची स्थिती त्याहूनही बिकट आहे. जुन्या उपऱ्याला निदान कौल तरी मिळे. यांना उचल मिळते, आणि ती फेडीपर्यंत बांधून ठेवते. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या योजनेने आणि १९७७ च्या कायद्याने कामाचा हक्क मान्य केला, तो गावाजवळ काम मिळावे आणि परागंदा होण्याची वेळ येऊ नये यासाठी. परागंदा शब्दाचा इतिहास त्या कायद्यात अशा रीतीने पोचलेला आहे.

स्त्रियांच्या वारशाबाबत १९५६ च्या कायद्याने, महाराष्ट्रातील १९९४ च्या दुरुस्तीने आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने क्रमाक्रमाने पुढचे पाऊल टाकले. तथापि वारसनोंदीच्या वेळी बहिणीकडून हक्कसोडपत्र घेण्याची चाल रूढ आहे. हक्क कागदाने दिला आणि दुसऱ्या कागदाने परत घेतला, असे त्याचे स्वरूप आहे. बहीण सही करते ती पुष्कळदा माहेरची वाट मोकळी राहावी म्हणून. जमीन घेतली तर दिवाळीचे बोलावणे बंद होईल, ही भीती कोणत्याही मोजणीत येत नाही. पण जमिनीच्या वाटणीवर तिचा परिणाम होतो.

६. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. सोलापूर भागातील खेडे अचल कधीच नव्हते. जाणे आणि येणे हे त्याच्या घडणीतच होते. मिरासीची संस्था या येण्याजाण्यामुळे टिकली, कारण गेलेल्या माणसाचा हक्क राखणे हे तिचे मुख्य कार्य होते. सर्व्हे नंबर व खाते यांनी उपऱ्याला समान केले, पण गोताचे कुंपण काढून सावकाराला वाट दिली. आणि प्रत्येक काळात काही वर्ग असे राहिले की ज्यांना वाट होती पण काळीवर नाव नव्हते. वेशीबाहेरचे वतनदार, सासरी गेलेल्या मुली आणि आजचे ऊसतोड मजूर हे त्यांत येतात.

खेड्याचा अभ्यास करावयाचा तर एकाच गावी ठाण मांडून भागणार नाही. थॉमस कोट्स याने १८२० च्या सुमारास लोणीचे जे वर्णन केले, त्याच गावाचा गो. स. घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतर पुन्हा अभ्यास केला आणि त्याचा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. तशी कामे या जिल्ह्यातही व्हावीत. मात्र त्यांत गावच्या दप्तराबरोबर त्या गावाहून निघणाऱ्या वाटांचाही शोध घेतला जावा. गावकरी कोणत्या बाजाराला जातात, मुली कोठे देतात, दुष्काळात कोठे गेले आणि कोण परतले नाही, याची नोंद घरोघर घेता येण्यासारखी आहे. फेरफार नोंदवह्या तलाठ्याच्या दप्तरात आहेत; १९७२ च्या दुष्काळी कामांवर राबलेली पिढी आता विरळ होत चालली आहे. कागद काही काळ थांबतील, माणसे थांबणार नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम प्रथम हाती घ्यावे.